कोंढ्याचं आसव आणि दिघोरीचं आसव

आमच्या घरात दारूला शिवायची कोणाची हिंमत नव्हती. आसव मात्र सगळे पीत. आसव म्हणजे औषध, आणि औषधाला नाही म्हणू नये, असं वडिलांचं मत होतं. लाखनीला हमरस्त्यावर आमचं किराण्याचं दुकान. दिवसभर समोरून ट्रक जात आणि मालावर धूळ बसे. त्या धुळीवर उतारा म्हणूनही वडील आसव घेत. पोट बिघडलं तरी घेत आणि पोट चांगलं असलं तरी, ते तसंच राहावं म्हणून, घेत.

हे आसव जांभळांचं. घरामागच्या वाडीत जांभळाचं एकच झाड होतं. माझ्या आईनं लग्नानंतर कोंढ्याहून, म्हणजे तिच्या माहेराहून, रोप आणून लावलेलं. मृगात जांभळं पिकली की आई ती मिठाच्या हातानं चोळून, बिया काढून, मोठ्या मटक्यात घाली. पाच किलो जांभळांना दोन किलो गूळ आणि आंबायला मूठभर धायटीची वाळलेली फुलं. मटक्याचं तोंड फडक्यानं बांधून वर माती लिंपायची. पोळ्यापर्यंत ते उघडायचं नाही. उघडलं की दाट, गोड, काळपट लाल आसव निघे. ओतताना काठाला चार बुडबुडे येत आणि जात. कोंढ्याचं आसव ते हेच.

सत्तरच्या दशकाच्या शेवटाला माझं लग्न झालं. बायको दिघोरीची. तिच्या सामानात भांडी होती, कपडे होते आणि जुन्या लुगड्यांत गुंडाळलेल्या गोटी-सोड्याच्या अठरा बाटल्या होत्या. मी मोजल्या, दोन तोंडाशी टवका गेलेल्या होत्या. आईनंही पाहिल्या.

"काय वो बाई, आमच्या पोराले सोड्याचं दुकान टाकून देतं काय?"

"आसवाच्या आहेत, आई," बायको म्हणाली. "माह्या मायच्या."

बायकोची आई लग्नाच्या आदल्या वर्षी वारली होती. दिघोरीच्या त्या घरात आता वडील आणि दोन भाऊ. आसव करणारं कोणी उरलं नव्हतं. भाऊ म्हणत, बाजारात सोडा मिळतो, कोण एवढं करते? म्हणजे ते आसव व्हायचं तर आता आमच्या घरात, नाहीतर कुठंच नाही. बायको हे कधी बोलून दाखवत नसे. पण दर मृगात ती जांभळाखाली उभी राहून वर बघत असे. झाड एक, आणि फळं एका मटक्यापुरतीच. आणि मटकं आईचं.

तिसऱ्या वर्षी झाड जरा जास्त लगडलं, तेव्हा आईनं उरलेली टोपलीभर जांभळं तिला दिली. "कर वो तुह्या दिघोरीचं. पाहू तरी काय असते ते."

दिघोरीची रीत मी त्या वर्षी प्रथम पाहिली. गूळ आमच्या निम्मा. मटक्यातल्या आंबण्याच्या उकळ्या जवळजवळ थांबल्या की रस गाळून गोटीच्या बाटल्यांत भरायचा आणि बाटल्या धानाच्या कोंड्यात उलट्या रोवायच्या. उलटं केलं की आतली गोटी तोंडाशी येऊन बसते. सुरुवातीला थोडं गळतं. मग आत राहिलेली उकळी गोटीला आतूनच दाबते आणि बाटली आपोआप बंद होते. सोडेवाला यंत्रानं जे करतो ते इथं जांभूळच करतं. गाळ हळूहळू खाली, म्हणजे तोंडाशी, उतरतो. उघडताना बाटली उलटीच धरून गोटी एकदा दाबायची. गाळ पिचकारीसारखा बाहेर उडतो आणि मागं राहतं ते स्वच्छ, लाल, फेसाळणारं आसव. मला ही युक्ती फार आवडली. पण मी मुलगाही होतो आणि नवराही, म्हणून गप्प राहिलो.

पोळ्याला कोंढ्याहून मामा आले. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ, शंभर टक्के कोंढ्याचे. पोळ्याचा दुसरा दिवस, म्हणजे कर, हा आमच्याकडे बसून खाण्यापिण्याचा. दुकानाची फळी अर्धी लावलेली. अशा दिवशी दोन आसवं घरात असली तर वाद होणारच.

"यात वाद कायचा?" मामा म्हणाले. "कोंढ्याचं ते कोंढ्याचं."

"तुमी दिघोरीचं पेले काय, मामाजी?" आतून बायकोनं विचारलं.

"न पेता सांगून राहिलो ना!"

वडील हसले. "पाहुणे, न पेता निकाल दिला तर अपील होते बरं."

आई पाटावर बसली होती. तिनं तिथूनच निकालाचं मोल ठरवून टाकलं. "ज्याचं चांगलं ठरन, पुढच्या साली जांभळं त्याची. पण पाहा, लबाडी नाही पाहिजे."

आत भांड्यांचा आवाज थांबला.

लबाडी नको म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुकानाचा हिशेब ठेवत असे आणि वजनात एका बाजूला माशी बसली तरी ती उडवून मग काटा वाचत असे, त्यामुळे हे काम माझ्यावर आलं. मी पाटीवर चार रकाने आखले: रंग, वास, चव, फेस. प्रत्येकाला दहा मार्क. आई आणि बायको पक्षकार, म्हणून त्या चाखणार नाहीत. आम्ही तिघे पुरुष परीक्षक.

मामांनी लगेच बोट ठेवलं. "फेसाले मार्क कायचे गा? फेस म्हणजे हवा. हवेले मार्क देतं काय तू? तुह्या दुकानात हवा विकतं?"

मुद्दा मला पटला. शिवाय फेस राहिला तर कोणता पेला कोणाचा ते आंधळ्यालाही कळलं असतं, मग परीक्षा कसली? मी चौथा रकाना पुसला. आणि दोन्ही आसवं एका पायरीवर यावीत म्हणून बायकोनं अंगणात बाटल्या उघडून दिल्यावर मी ते आसव पसरट पातेल्यात ओतलं आणि पळीनं ढवळत बसलो. ते चरचरत राहिलं, मग कुरकुरत राहिलं, मग गप्प झालं. बायको दारात उभी होती.

"काय करून राहिले तुम्ही?"

"समान करून राहिलो."

"मेलं ते," ती म्हणाली आणि आत गेली.

पेल्यांना खाली खडूनं एक आणि दोन आकडे घालून मी ते फिरवले. मामा प्रत्येक घोटानंतर डोळे मिटत आणि मिटल्या डोळ्यांनी आईकडे तोंड करत. दाट कोणतं ते त्यांच्या जिभेनं पहिल्याच घोटाला ओळखलं होतं. त्यांनी त्याला तीसपैकी सत्तावीस दिले आणि दुसऱ्याला पंधरा. वडिलांनी दोघांना वीस-वीस दिले. त्यांना पाहुणेही सांभाळायचे होते आणि त्याच घरात जेवायचंही होतं. मी आईच्या आसवाला साडेबावीस दिले आणि बायकोच्या आसवाला एकवीस. खरं तेच लिहिलं. फेस गेलेलं ते आसव नुसतं आंबट-तुरट लागत होतं.

मी बेरीज वाचून दाखवली. साडेएकोणसत्तर आणि छप्पन्न. मामांनी मांडीवर थाप मारली. बायको अंगणातल्या रिकाम्या बाटल्या उचलू लागली. एक-एक बाटली ती पदरानं पुसत होती, आणि मला पाटीवरचे आकडे बरोबर असूनही कुठंतरी काटा हलल्यासारखं वाटत होतं.

तेव्हा आई म्हणाली, "थांब वो."

आम्ही सगळे थांबलो.

"हे काय जिंकणं झालं? गरम भजे पाण्यात बुचकळून काहाडले अन् मंग त्याईले मार्क देऊन राहिले! माह्या भावाले काही कळत नाही, पण तुले तं कळाले पाहिजे होते," हे मला. "बाई, एक बाटली आण. माह्यासमोर फोड."

"पण तू तं पक्षकार आहेस," मामा आईला म्हणाले.

"तू चूप राह्य. झाड माह्यं आहे."

बायकोनं कोंड्यातून बाटली आणली. मामांना युक्ती पाहायची होती, ते पुढं सरकून बसले. "मामाजी, बाजूले व्हा," ती म्हणाली. "तू फोड ना वो, मी काय पोट्टा आहो काय," मामा म्हणाले. तिनं बाटली उलटी धरून अंगठ्यानं गोटी दाबली. फस्सकन गाळ उडाला तो मामांच्या पोळ्यासाठी घेतलेल्या कोऱ्या धोतरावर. जांभळाचा डाग जात नाही हे तिथं बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. वडील खांबाकडे तोंड करून बराच वेळ खोकत राहिले.

बायकोनं बाटली सरळ करून पेला भरला. लाल फेस काठावर चढला, आईनं घाईनं तोंड लावलं आणि तो तिच्या नाकात गेला. तिला दोन शिंका आल्या. डोळ्यांत पाणी आलं. तिनं पुन्हा घोट घेतला.

"आंबट आहे," ती म्हणाली.

पेला रिकामा झाला.

"लय आंबट आहे," ती म्हणाली आणि पेला पुन्हा पुढे केला.

"विलायतेत यालेच वाईन म्हणत असतीन," मामा धोतर झटकत म्हणाले.

"म्हणू द्या," वडील म्हणाले. "आपल्या घरी औषध आहे."

आईचा निकाल असा: चव कोंढ्याचीच चांगली. जांभळं पुढल्या सालीही तिचीच. पण हे फेसाचं उड्या मारणं तिला आवडलं, तर पुढल्या वर्षी तिचं आसव ह्या बाटल्यांत भरायचं.

"आई, मंग गूळ निम्मा करा लागते," बायको म्हणाली. "नाहीतर बाटल्या फुटतीन."

"काहून फुटतीन? माह्यं मटकं आजपर्यंत फुटलं काय?"

"मटक्याले श्वास घेता येते, आई. बाटलीचं तोंड बंद असते."

"तू मले शिकवू नको."

पुढच्या मृगात आईनं आपल्या मापानं, दोन किलो गुळानं, आसव केलं आणि बाटल्या मागितल्या. बायकोनं सहा दिल्या. अठरातल्या सहाच का, हे मी विचारलं नाही. कोणत्या दिल्या ते मात्र पाहिलं: टवका गेलेल्या दोन त्यांत नव्हत्या. चांगल्यातल्याच सहा होत्या.

श्रावणात एका दुपारी मी दुकानात गिऱ्हाइकाला साखर मोजून देत होतो. मागून धडाम आवाज आला. गिऱ्हाईक रस्त्याकडे बघत म्हणालं, ट्रकचा टायर गेला. मग आणखी एक टायर गेला. चौथ्या टायरला मी तराजू ठेवून आत धावलो. कोंड्याच्या ढिगातून वाफ निघावी तसा फेस निघत होता आणि सगळा कोंडा लाल झाला होता.

आवाज थांबल्यावर आई त्या कोंड्याशी बसली आणि काचा वेचू लागली. बायको येऊन शेजारी बसली. मी दारातच थांबलो.

"किती राह्यल्या?" आईनं विचारलं.

"चौदा."

"मायबाई." आईनं हातातली काच सुपात ठेवली. "तुह्या मायच्या होत्या ना वो?"

"हो."

दोघी बराच वेळ कोंडा चाळत राहिल्या. मग आई खाली पाहतच म्हणाली, "गूळ किती म्हणून राहिली होती तू?"

"निम्मा."

"अन् भराचं कधी?"

"उकळी थांबत आली की. मी दाखवीन तुमाले."

त्याच्या पुढच्या वर्षी गूळ निम्मा पडला. भरायची वेळ बायकोनं मटक्याला कान लावून सांगितली. गाळलं तिनं, बाटल्या रोवल्या तिनं, पोळ्याला गाळ उडवला तोही तिनं, आणि मामा त्या वेळी अंगणाच्या पार टोकाला उभे होते. आईनं जांभळं चोळली आणि येणाऱ्या प्रत्येकाला पेला देताना सांगितलं, "घ्या, आमच्या कोंढ्याचं आहे." मामा पेला संपवून म्हणाले, "पाहा, कोंढ्याची चवच वेगळी."

मी रात्री बायकोजवळ हिशेब मांडला. गुळाचं माप दिघोरीचं, बाटल्या दिघोरीच्या, वेळ दिघोरीची, कोंढ्याचं काय तर झाड आणि नाव. हे आईला एकदा सांगायला हवं.

"तुम्ही पुन्हा ढवळू नका," ती म्हणाली.

दिवाळीत आम्ही दिघोरीला गेलो. आईनं दोन बाटल्या बांधून दिल्या होत्या, "व्याह्याले म्हणा, कोंढ्याचं आहे" असा निरोप देऊन. सासरे ओसरीवर बसले होते. बायकोनं अंगणात गाळ उडवला, पेला भरून त्यांच्या हातात दिला आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. त्यांनी एक घोट घेतला. पेला उजेडाकडे धरला. मग उरलेलं सावकाश संपवलं.

"अजून आहे काय?" त्यांनी विचारलं.

"आहे ना, बाबा. आता दरसाली राहते," ती म्हणाली, आणि दुसरी बाटली आणायला आत गेली ती जरा उशिरानं आली.

लाखनीला परतलो तेव्हा आईनं पिशवी उतरवायच्या आधी विचारलं, "काय म्हणाले व्याही? आवडलं?"

"आवडलं, आई. अजून मागितलं."

"मागतीनच! दिघोरीवाल्यायनं असं आसव कधी पाह्यलं होतं काय?"

"नाही ना," बायको म्हणाली आणि रिकाम्या बाटल्या धुवायला मोरीवर गेली. पाण्याच्या आवाजात ती हसत होती की काय, ते मी बघायला गेलो नाही.