आई लाईट घेताना

आईच्या पोटरीवर लहानपणी भाजल्याचा मोठा डाग होता. गेल्या वर्षी त्यावर जखम झाली, ती काही भरेचना. हळद लावून झाली, पाला बांधून झाला, मग डॉक्टर. कातडीचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन नीट पार पडलं, पण तो पुन्हा उलटू नये म्हणून रोज किरणोपचार घ्यायला सांगितले. आमच्याकडे सगळे त्याला ‘लाईट घेणं’ म्हणतात.

लाईटच्या चौथ्या दिवशी मी विरारहून तिला न्यायला होळी गावातल्या तिच्या घरी गेले, तर बाईसाहेब वाडीत पालक खुडत बसलेल्या. येत नाही म्हणाली. माझी जीभ आधीच तिखट. ऑपरेशनला हूं की चूं केलं नाहीस आणि आता दोन मिनिटं पडून राहायला काय धाड भरली, असं मी बोलून गेले.

तिने हातातली जुडी बांधली आणि खाली बघतच म्हणाली, "लाईट देताना सगळी बाहेर जातात, बाय. दार लावतात. पाय भाजला तवा पन घरात कोन नव्हतं. हाका मारून मारून घसा बसला."

पन्नास वर्षांत हे ती कुणाला बोलली नव्हती. मला माझीच लाज वाटली. काहीतरी करते, एवढंच कबूल करून मी तिला उठवलं.

हॉस्पिटलात मशीन चालवणाऱ्या मुलीला मी सगळं सांगितलं. तिने मला बाहेरच्या टेबलाशी उभं केलं. पडद्यावर आत झोपलेली आई दिसत होती, समोर माईक होता. बोला, त्यांना ऐकू जातं, म्हणाली. आता बोलणार काय? आम्हा दोघींना गोड बोलायची सवयच नाही. मग मी भांडायलाच लागले. वांग्यांना तू पाणी जास्त घालतेस, म्हणून ती किडतात. आतून तिचं उत्तर आलं, की वांगी कुंडीत लावणाऱ्यांनी तिला शिकवू नये. पाय मात्र जराही हलला नाही. मग रोज तेच.

लाईट घेणं संपत आलं असताना एक दिवस फाईल रिक्षात राहिली. मी खाली पळाले. वर येते तर खोलीचं दार बंद. पडद्यावर आई डोळे मिटून शांत पडलेली. धापा टाकतच मी माईकवर म्हटलं, "आई, आलेय गं."

"धावू नको," ती म्हणाली. "तू येशील ते ठाऊक होतं. म्हनून हाक नाय मारली."

उरलेला वेळ तीच आतून वांग्यांबद्दल बोलत राहिली.