केशरी अळंबी

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगायला हवं होतं, सगळ्यांत आधी तिलाच, पण सुनंदा जाऊन आता चार वर्षं झाली. तेव्हा तुम्हांला सांगतोय. तुम्ही माझ्याकडे तिच्यासारखं बघणार नाही, म्हणून तुम्हांला सांगणं सोपं जातंय, हेही आधीच कबूल करून टाकतो.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला आम्ही बोरिवली पूर्वेला राहत होतो. सोसायटीची मागची भिंत संपली की जंगल. श्रावणात गेटपाशी पार्वती बसायची, आतल्या पाड्यावरची वारली बाई. पाटीत सागाची पानं आणि पानांवर अळंबीचे वाटे. श्रावणात मटण बंद, म्हणून आम्ही कोकणातली माणसं त्या वाट्यांवर तुटून पडायचो. पांढरी अळंबी तासाभरात संपे. केशरी उरे. वरून लालसर केशरी, खालून पिवळीधमक. आमचे सेक्रेटरी पेडणेकर पाटीत डोकावून म्हणत, "ही खायची की रंगपंचमीला खेळायची, गं?" पार्वती हसायची, आणि एखादी तोडून त्यांच्या नाकाशी न्यायची. पेडणेकर दोन पावलं मागे.

मी ती केशरीच घ्यायचो. चवीसाठी? पहिल्यांदा तरी नाही. चारचौघं घाबरतात ते आपण खातो, यात मला गंमत वाटायची. पुढे सुनंदाच्या हाताची चव लागली. भाजलेलं खोबरं, कांदा, मिरी. हळद न घालताही रसाला पिवळा रंग चढायचा.

पार्वतीची एक रीत होती. आणलेली अळंबी ती त्याच दिवशी विकत नसे. आधी घरी शिजवून स्वतः खायची, आणि बाकीची दुसऱ्या दिवशी घेऊन यायची. "काल मी खाल्ली, आज तुमी खावा." सोसायटीतल्या बायका शिळी म्हणून नाकं मुरडत. तिच्या रीतीत शास्त्र किती होतं, मला ठाऊक नाही. पण आधी आपलं पोट पणाला लावून मग माल विकणारा दुसरा दुकानदार मी पाहिलेला नाही.

आणि मी? मी फुटपाथवरून घेतलेलं इंग्रजी पुस्तक वाचत होतो. रंगीत चित्रांचं, जाडजूड. ते युरोपातल्या जंगलांबद्दल होतं. बोरिवलीच्या जंगलानं ते वाचलेलं नव्हतं. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं, नाही का? इतरांच्या पोकळ रुबाबाला हसण्यात माझा हातखंडा होता. माझा स्वतःचा तेवढा दिसला नाही.

एका रविवारी पेडणेकरांना जेवायला बोलावलं होतं. केशरी अळंबी खाऊ घालून त्यांची जिरवायची, एवढाच हेतू. पण त्या आठवड्यात पार्वती आलीच नाही. मग सकाळी पिशवी घेऊन मीच भिंतीपलीकडे गेलो. केशरी छत्र्या सापडल्या. पुस्तकातलं चित्र समोर धरलं. हुबेहूब. सुनंदाला सांगितलं, पार्वतीकडून आणली. मी खुडली म्हटलं असतं तर तिनं पातेलं गॅसवर ठेवलं नसतं.

पेडणेकरांनी दोनदा मागून घेतली. सुनंदानंही चवीनं खाल्ली. मी अळंबीवर व्याख्यान देत होतो—माझ्या पानातली तशीच राहिली.

संध्याकाळी दोघांनाही उलट्या सुरू झाल्या. थांबेचनात. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "कुठून आणली होती?" बघा, तिथं एक क्षण होता. सुनंदा स्ट्रेचरवर डोळे मिटून पडलेली. मी म्हणालो, "गेटवर एक बाई बसते, तिच्याकडून."

पेडणेकर तीन दिवसांत घरी आले. सुनंदाला अकरा दिवस लागले, आणि पुढं कित्येक महिने तिच्या अंगात ताकद नव्हती. सोसायटीत सभा भरली. गेटवर नोटीस लावायचं ठरलं. पेडणेकर म्हणाले, "मजकूर तुम्हीच लिहा हो, तुमची भाषा चांगली आहे." मी लिहिला. 'सभासदांच्या जीविताशी खेळणाऱ्या पार्वती नामक स्त्रीस आवारात व गेटजवळ बसण्यास सक्त मनाई आहे.' एक शब्द दोनदा खोडून बदललासुद्धा. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

सुनंदा घरी आल्यावर चार-पाच दिवसांनी पार्वती आली. वॉचमन तिला बसू देईना. मी ऑफिसला निघालो होतो. तिनं मला हाक मारली. "सायेब, ह्ये काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. माझंच वाक्य, तिला, तिच्या नावासकट. तिला सगळे शब्द कळले नसावेत, नाव कळलं.

"पर मी तवा आलेच नव्हते," ती म्हणाली. "पोरगी आजारी व्हती. तीन हप्ते पाड्यावरच व्हते. तुमाला तर म्हाईत हाय, तुमी रोज इचारायचात."

रोज विचारायचो, खरंच. वॉचमनला विचारायचो, आली का म्हणून. तिला ते कुणीतरी सांगितलं असावं.

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उलट बोलता आलं असतं. तिला वाटलं, मी विसरलोय. आठवण करून दिली की झालं.

"तुमीच सांगा ना त्या सायबास्नी," ती म्हणाली. "तुमचं ऐकत्याल."

मी म्हणालो, "सांगतो."

ती रस्त्यापलीकडे जाऊन बसली, पाटी पुढ्यात घेऊन, झाकलेली. मी ऑफिसला गेलो नाही. परत वर आलो. पेडणेकरांचा दरवाजा आमच्या समोरच होता, उघडाच; आत ते पेपर वाचत होते. मी आमच्या घरात शिरून कडी लावली. सुनंदानं पलंगावरून विचारलं, "काय राहिलं का?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. "बस मग जरा," ती म्हणाली, आणि उठवत नसताना उठून तिनं माझ्यासाठी चहा ठेवला.

खिडकीतून रस्ता दिसायचा. पार्वती दर थोड्या वेळानं आमच्या जिन्याकडे मान वळवून बघायची. दुपारी दीड वाजेपर्यंत ती तिथं होती. मग तिनं पाटी डोक्यावर घेतली.