ठोके मोजणारं घड्याळ

शिंपीकाकांच्या तोंडात दिवसभर टाचण्या असतात, त्यामुळे दुकानात ते चकार शब्द काढत नाहीत. सगळं साठलेलं बोलणं संध्याकाळी काकूंबरोबर फिरायला गेल्यावर बाहेर पडतं, आणि त्यातलं निम्मं मेहुण्याच्या नावानं खडे फोडण्यात जातं. अलीकडे मुलीनं टुमणं लावलं होतं, "बाबा, हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ घ्या. चालताना दम किती लागतोय ते कळेल."

काकांचं घेऊ की नको चाललं होतं. दुकानात जाऊन पाहिलंही, पण पट्ट्याची शिवण कच्ची निघाली म्हणे.

त्या संध्याकाळी चढावर काकू सहज म्हणाल्या, "उद्या माझा भाऊ येतोय. चांगला आठवडाभर राहणार आहे."

काका काहीच बोलले नाहीत.

काकू जागच्या जागी थांबल्या. "माझ्या भावाचा विषय निघाला आणि तुम्ही गप्प? आधी त्या बाकावर बसा बघू!"

काका मुकाट्यानं बसले. जरा वेळानं श्वास जागेवर आला, तसे उसळले, "आठवडाभर? त्या आयतोबाला स्वतःचं घर नाही का?"

"हं, आता चला," काकू म्हणाल्या. "आणि पोरीला सांगा, घड्याळ नको."