गळणारा बंधारा

कुठलाही बंधारा पुरा झाला की नौपाड्याच्या कुंदाताई आधी तो गळतोय ना, हे बघायच्या. गळत नसला तर हातातल्या छत्रीचं टोक फांद्यांत खुपसून भोक पाडायच्या. "पाण्याला कोंडायचं नसतं हो, जरा रेंगाळायला लावायचं. तेवढ्यात ते जमिनीत उतरतं." आम्ही स्वयंसेवकांनी हे इतक्यांदा ऐकलं होतं की पुढे पुढे कुणी मानही हलवत नसे.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी टिटवाळ्यापलीकडच्या एका पाड्याचा ओढा धरला. पाड्याची विहीर होळीलाच तळ गाठायची. ती मेपर्यंत टिकावी, एवढाच त्यांचा हट्ट. पावसाळा संपला की ओढ्यात लाकडी मेढी ठोकायच्या, त्यांत निरगुडीच्या फांद्या विणायच्या, दगड, माती, पेंढा भरायचा. पुढच्या पावसात सगळं वाहून जायचं. पुन्हा ठोका. खरं सांगायचं तर आम्ही वैतागायचो. ग्रुपवर अंगठे ढीगभर, रविवारी हजर मूठभर. "कंटाळा मलाही येतो," त्या म्हणायच्या. "कंटाळून या, पण या."

एका वर्षी ताई गुडघेदुखीमुळे घरी होत्या. कुठल्याशा ऑफिसातली हौशी मंडळी आली आणि त्यांनी बंधाऱ्याची फट न् फट चिकणमातीने लिंपली, वर जुना फ्लेक्स अंथरला. तुडुंब पाण्याचा फोटो पाहून ताई एवढंच म्हणाल्या, "गेला." झालंही तसंच. वाट न मिळालेल्या पाण्याने काठ कापला आणि शेजारचं गणपतचं वालाचं शेत खरवडून नेलं. गणपत म्हणाला, "आता परत नका येव हिकडं."

पुढच्या रविवारी ताई तसल्या गुडघ्याने आल्या. घमेल्याने माती वाहून शेतात टाकू लागल्या. मग आम्हीही लागलो. दुपारी गणपतच्या बायकोने त्यांच्या हातातलं घमेलं काढून घेतलं. "बस बाय. पाय बग तुजं कसं सुजलंत." नव्या मेढी ठोकायला पहार गणपतनेच आणून दिली.

त्या मे महिन्यात ताई इस्पितळात होत्या. मी विहिरीवरून फोन केला.

"घागर बुडते का?"

"तिरकी धरली तर बुडते."

"म्हणजे बुडते," त्या म्हणाल्या. "आता झोपते जरा."

ते आमचं शेवटचं बोलणं. त्या गेल्या त्या आठवड्यात मी पाड्यावर सांगायला गेलो. विहिरीवर बायका घागरी तिरक्या धरून पाणी भरत होत्या.