शेकडा दीड रुपया

"दीड म्हणजे दीड," मी म्हटलं. "शेकडा महिन्याचा दीड रुपया. जिले परवडत नसन तिनं सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसावं."

"एक रुपयावर ठरलं होतं आजी," शेवंता म्हणाली. "मी तलावाच्या ठेक्याले जबान देऊन बसली. आता काहून वाढवून राहिल्या?"

"मी कायले वाढवू? बँकेनं वाढवलं."

"मंग बँकेशी भांडा."

"भांडून आली."

आमच्या बचत गटाची सभा दर शनिवारी समाजमंदिरात भरते आणि मी अध्यक्ष आहे. शेवंताच्या घरी पिढ्यांपासून मासोळीचा धंदा. यंदा गावतलावाचा ठेका तिनं नवऱ्याच्या नव्हे, स्वतःच्या नावानं घेतला. तलावात सोडायला बोटाएवढी पिल्लं हवीत, पाण्यात जाऊन जाळं टाकायला डोंगा हवा. त्यासाठी कर्ज हवं. आठवडाभरात पैसे उभे झाले नाहीत तर ठेका परगावच्या ठेकेदाराकडे जाणार.

तिचं खरं होतं. पण माझंही खोटं नव्हतं. गट बँकेकडून कर्ज घेतो आणि बायांना शेकडा एक रुपयानं देतो. बँकेचा दर चढत चढत आमच्या रुपयाला येऊन भिडला. आता एका रुपयानं दिलं तर खड्डा सगळ्यांच्या बचतीत पडणार. शेजारच्या गावचा गट असाच गोड बोलून बुडाला. तिथल्या बाया आता बाजारात एकमेकींकडे बघत नाहीत. माझ्या जिवंतपणी आमच्या गटाचं तसं होणार नाही.

व्याज आणि महागाईपायी आमच्या गटात इतकी भांडणं झाली आहेत की धानासारखी पोत्यांत भरली तर घरात पाय ठेवायला जागा उरणार नाही. त्यातली काही सांगते, मग शेवंताकडे येते.

*

बँकेशी भांडले ते असं. गटातल्या कौसल्याला सोबत घेऊन एसटीनं लाखांदूरला गेले आणि साहेबाच्या टेबलासमोर उभी राहिले. "व्याज काहून वाढवलं?"

साहेब तरुण, स्वभावानं गरीब. म्हणाला, "आजी, महागाई कमी करायसाठी. व्याज वाढलं की लोक कर्ज कमी घेतात. कर्ज कमी घेतलं की खर्च कमी करतात. मग भाव उतरतात."

मी पेपर रोज वाचते, शाळेत न जाता वाचायला शिकले, त्यामुळे मला हे माहीत होतं. कौसल्याला नव्हतं. ती विचार करून म्हणाली, "म्हणजे आमी कर्ज घेतलं नाई पायजे?"

"तसंच काहीसं."

"मंग मागच्या महिन्यात तुमी कर्ज घ्या, कर्ज घ्या म्हणत आमच्या गावात मंडप टाकून कायले बसले होते?"

साहेबानं आमच्यासाठी चहा सांगितला. व्याज मात्र कमी केलं नाही.

*

त्याच दिवशी स्टँडवरच्या हॉटेलात आलूबोंडा मागवला. बशीत आला तो बोराएवढा. मी हॉटेलवाल्याला हाक मारली.

"काय रे, भाव वाढवला का?"

"नाई आजी. तुमच्यासाठी भाव तोच ठेवला."

"भाव दिसून राहिला. बोंडा कुठी हाये?"

तो कढईकडे बोट दाखवून म्हणाला, "तेलानं खाल्ला."

*

गट सुरू झाला तेव्हा मीच नियम केला, की उशिरा येणारीला दोन रुपये दंड. तेव्हा दोन रुपयांत स्टँडवर चहा मिळायचा. दोन रुपये द्यायचे म्हणजे जिवावर यायचं. बाया पदर खोचून पळत यायच्या.

मग चहा वाढला, दंड तिथंच राहिला. हळूहळू बाया आरामात येऊ लागल्या. यायच्या, दोन रुपये टाकायच्या आणि पंख्याखाली बसायच्या.

शेवटी मी जाहीर केलं, की पुढच्या शनिवारी दंड वाढवण्याचा ठराव घेणार. त्या शनिवारी कौसल्या जन्मात पहिल्यांदा वेळेवर आली. डब्यात शंभराची नोट आणि वर चार रुपये टाकले आणि म्हणाली, "हा माह्या वर्षभराचा दंड."

"अजून तू उशिरा आली कुठी?"

"येईन न. पण मी जुन्या भावानं भरून ठेवला. आता तुमी किती बी वाढवा, मले लागू नाई."

तेव्हापासून ती बिनधास्त उशिरा येत राहिली. नियमात कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. नियम माझाच होता.

*

एका साली मी ठरवलं, पैशाची किंमत उतरते, धानाची उतरत नाही. गटानं बायांना सवाईनं धान द्यायचा. एक पोतं न्यायचं, हंगाम झाला की सव्वा पोतं परत. आमच्या सासूच्या काळात असंच चालायचं.

धान परत आला, सव्वाच आला. ठेवायचा कुठं? माझ्या घरी. आमच्या बुढ्याची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, खाट पडवीत गेली आणि पोती खोलीत. मग उंदीर आले.

सभेत कौसल्यानं विचारलं, "व्याज किती जमा झालं?" मी काही बोलायच्या आत दारातून बुढा म्हणाला, "व्याज मस्त गुबगुबीत झालं. छपरावर पळत असते."

त्या दिवशी मी नियम केला. व्याज नगदीच. वस्तूच्या रूपात कधीच नाही.

*

तर शेवंता. ती उठून गेली नाही. पुढं सरकून बसली.

"आजी, रुपया मी नगदी देईन. वरचा अर्धा रुपया मासोळीत घ्या."

"वस्तू घ्यायची नाई, नियम हाये. उंदरं झाली तेवढी पुरे."

"ठेवाची कायले? दर शनिवारी तुमी साऱ्याजणी बाजारातून मासोळी घेताच. ती इथं सभेत माह्याकडून घ्या, ठरल्या वजनाची, बाजाराच्या भावानं. पैसे माह्या हाती देऊ नका, गटाच्या डब्यात टाका, तोच माहा वरचा अर्धा रुपया. भाव चढला तं डब्यात जास्त पडन."

मी हिशेबात भोक शोधलं. सापडेना, म्हणून चिडले.

"पिल्लं वाढेपर्यंत काय आणशीन?"

"नदीची मासोळी हाये न."

"अन बाया? अर्ध्या तं सभा उठता उठता येतेत. ह्या कौसल्येची वाट पाहून तुही मासोळी नासून जाईन."

"माहा दंड भरला हाये," कौसल्या म्हणाली.

शेवंतानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पयली येईन तिले मधला तुकडा, अन उशिरा येईन तिले शेपूट."