पाण्यातून वर आल्यावरच्या बैठका

तालमीत कमावलेलं शरीर माणसाला पाण्याखालीही वाचवतं, असं तुम्ही मानता का? तीन-चार आठवड्यांपूर्वी युसुफ गेल्याची बातमी मुकुंदवाडीत आली, तेव्हा आमची सगळी गल्ली हेच म्हणत होती, "एवढा पैलवान गडी, त्याला पाणी काय करणार?"

युसुफ माझा लहानपणापासूनचा मित्र. वाळूजला कारखाने वाढले, त्यांना पाणी देणाऱ्या पाइपाच्या तोंडाची जाळी पैठणच्या धरणाच्या तळाशी शेवाळाने तुंबायला लागली, आणि ठेकेदाराने पोहणारी दणकट पोरं शोधली. युसुफला मुंबईला पाठवून पाठीवर हवेची टाकी बांधून बुडी मारायला शिकवलं. मी तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराची पत्रकं लिहीत, वाटत हिंडत होतो. "क्या लीडर, आज किसके खिलाफ?" तो विचारायचा आणि माझा दंड चिमटीत धरायचा. "कागदाला लई जोर आहे रे, पण ह्याचं काय?" एका मोर्चात लाठ्या सुरू झाल्या तेव्हा मात्र तो माझ्यापुढे आडवा उभा राहिला. संध्याकाळी पाठ शेकता शेकता म्हणाला, "शाळेचं तोंड मी बघितलं नाय, और विद्यापीठ के लिए मार मैं खाऊँ?" नामांतर अजून व्हायचंच आहे... तो ते बघायला नाही.

एकदा हिवाळ्यात त्याच्याबरोबर पैठणला गेलो होतो. शिकवल्याप्रमाणे तो दोराला धरून, मध्ये थांबत थांबत, सावकाश वर आला. काठावर टाकी उतरवली आणि लगेच बैठका मारायला लागला. म्हटलं, "अरे, दम तरी घे." तर म्हणाला, "थंड अंगानं बसायचं नाय. तालमीतल्या उस्तादांची शिकवण आहे." कधी खांदा ठणकला की तो कुस्तीतली लचक समजायचा आणि तालमीत तेल लावून रगडून घ्यायचा. शेवटच्या दिवशीही वर आल्या आल्या त्याने बैठका मारल्या. दुपारपर्यंत पाय बधिर झाले. ठेकेदार म्हणाला, घरी नेऊन झोपवा. पाणबुड्यांच्या या आजारावर माणसाला दाबाच्या बंद खोलीत ठेवून उपचार करतात, आणि आमच्या माहितीत अशी खोली मुंबईलाच. तिकडे नेताना नगर ओलांडल्यावर गाडीतच तो गेला. "हृदयच कमजोर असेल," असं म्हणून ठेकेदाराने हात झटकले.

मला ते पटलं नाही. पाणबुड्यांवर उपचार केलेल्या एका निवृत्त डॉक्टरांना मी गाठलं. त्यांनी सांगितलं ते असं: खोल पाण्याच्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि मांसात विरघळतो. माणूस वर येतो तसा तो बाहेर पडू लागतो. हळूहळू पडला तर ठीक, नाहीतर गोटी सोड्याची बाटली फोडल्यासारखे अंगात बुडबुडे होतात; सांधे ठणकतात, पाय बधिर होतात. शरीर तंदुरुस्त असेल, चरबी कमी असेल, तर धोका थोडा कमी होतो. "पण संपत नाही," डॉक्टर म्हणाले. "सगळं नियमानं करूनही एखाद्याला होतं. आणि वर आल्या आल्या जोरानं व्यायाम केला, तर बाटली हलवल्यासारखंच. तुमच्या मित्राचं नक्की कशानं झालं, ते मी इथं बसून सांगणार नाही. पण बैठका मारायला नको होत्या."

हे घेऊन मी तालमीत गेलो. उस्ताद म्हातारे, युसुफला त्यांनी पोटच्या पोरासारखं वाढवलेलं. ते म्हणाले, "बेटा, अंग थंड पडलं म्हणून गेला तो. अजून मेहनत करायला पाहिजे होती त्यानं." शेजारी युसुफचा धाकटा भाऊ सलीम लंगोट कसत होता. धरणाच्या कामावर भावाच्या जागी ठेकेदाराने आता त्याला घेतलंय. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "लीडर, तू म्हणतो ते खरं असंल, पण उस्तादांसमोर मी नाय म्हणू शकत नाय." आणि बैठकांना लागला... हात पुढे, नजर सरळ, अगदी युसुफसारखा.

ठेकेदाराशी आम्ही भांडतो आहोत, भांडत राहू. पण सलीमला माझं पत्रक थांबवणार नाही, वडीलधाऱ्यांचा शब्द थांबवेल. तुमच्यात कोणी तालमीतले जुने जाणते असतील, तर या आठवड्यात मुकुंदवाडीला या. उस्तादांशी तुम्ही बोला. धरणातून वर आलेल्या पोराने त्या दिवशी घोंगडी पांघरून नुसतं बसावं, सांधा दुखला तर रगडून न घेता डॉक्टरकडे जावं, एवढं त्यांच्या तोंडून वदवून घ्या. सोमवारी सलीम पाण्यात उतरणार आहे.