हाताला कळलेली शर्यत

घोटा मोडला तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. ऑफिसच्या जिन्यात शेवटच्या दोन पायऱ्या एकच समजून उतरले, एवढंच निमित्त. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे पाय टेकायचा नाही म्हणून बजावलं. माझं सासर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून मी नायगावला, बीडीडी चाळीतल्या तळमजल्याच्या खोलीत, आईबाबांकडे येऊन पडले.

नवरा रविवारी यायचा. पहिल्याच रविवारी त्याने पिशवीतून व्हिडिओ गेमचं मशीन काढलं आणि टीव्हीला जोडून दिलं. "वेळ जाईल तुझा," म्हणाला. बाकीच्या सगळ्या सीडी त्याने मित्राला दिल्या होत्या. उरलेली एकच, मातीतल्या मोटारसायकल शर्यतीची. मला धड सायकलही येत नव्हती.

गाड्यांचे गेम मी पाहिले होते. बटण दाबलं की गाडी सुटते, भिंतीवर आपटली तरी पुढे जाते. ह्या गेमचा मात्र हट्ट होता की सगळं खऱ्यासारखंच हवं. हँडल वळवायला एक दांडी, आणि वर बसलेल्या माणसाचं वजन पुढेमागे करायला दुसरी. पुढचा ब्रेक वेगळा, मागचा वेगळा, क्लच आणखी वेगळा. पहिल्यांदा मी अॅक्सिलरेटर जोरात दाबला, तर पुढचं चाक उभं राहिलं आणि माझा माणूस पाठीवर पडला. बाकीचे अकरा जण त्याच्या बाजूने चिखल उडवत निघून गेले.

पहिले तीन दिवस माझा एकही फेरा पुरा झाला नाही. पण गंमत अशी की मला राग यायचा नाही, प्रश्न पडायचा. आत्ता का पडले? उंचवट्यावरून उडाल्यावर गाडीचं नाक खाली का गेलं? एका दुपारी मला शोध लागला की हवेत असताना मागचा ब्रेक दाबला की नाक खाली येतं आणि अॅक्सिलरेटर दिला की वर जातं. पण हवेत ब्रेक कशाला लागतो? तिथे जमीन कुठे आहे? मी नवऱ्याला ऑफिसात फोन केला. तो म्हणाला, "अगं, गेम आहे. खेळ ना!" शेवटी माझं मलाच सुचलं. फिरतं चाक अचानक थांबवलं की त्याची गिरकी कुठेतरी जायला हवी, ती अख्ख्या गाडीला मिळते. मला इतका आनंद झाला की मी आईला हाक मारून सांगितलं. आई लसूण सोलत होती. "बरं झालं," म्हणाली.

बाबा हे सगळं समोरच्या खुर्चीवरून बघत असत. बाबा म्हणजे उंच, हडकुळे, सत्तरीला आलेले. परळच्या एका मिलमध्ये ते साचेखात्यात होते, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रांवर. संप झाला, मिल उघडली नाही, आणि मग निवृत्तीपर्यंत त्यांनी फोर्टातल्या एका इमारतीत लिफ्टमनची नोकरी केली. त्यांना कमी ऐकू येतं हे आम्हाला माहीत होतं. ते मोठ्याने बोलत, टीव्ही आवाज बंद करून पाहत, आणि त्यांच्याशी बोलायचं तर समोर जाऊन तोंड दाखवून बोलावं लागे. म्हातारपण, असं आम्ही धरून चाललो होतो.

चौथ्या दिवशी मी पाणी प्यायला गेमचा रिमोट कॉटवर ठेवला. मोटारसायकल पडद्यावर नुसती उभी होती, इंजिन चालू. रिमोट चादरीवरून घसरला. बाबांनी तो उचलला, मला द्यायला हात पुढे केला आणि तसेच थांबले.

"गो, ह्या थरथरता!"

"हो. गेममध्ये गाडी चालू आहे ना."

त्यांनी दोन्ही हातांनी तो नीट धरला आणि डोळे मिटले. मग म्हणाले, "चालव बघू."

रिमोट एकच. म्हणून मी त्यांना शेजारी बसवलं, रिमोट त्यांच्या हातात राहू दिला आणि वरून माझ्या अंगठ्यांनी गाडी हाकली. बाबांचे डोळे मिटलेलेच. मी आधी कडक मातीवरून नेली, मग रेतीवरून, मग चिखलातून, आणि शेवटी उडी मारली.

"आता मऊ काहीतरी," ते म्हणाले. "आता जड. चाक फिरतंय पण पुढे जात नाही. आता... आता काहीच नाही. अधांतरी आहे काय?"

"हवेत आहे!"

"पडणार," बाबा म्हणाले, आणि गाडी पडली.

मला वाटलं योगायोग असेल. म्हणून आम्ही पुन्हा केलं. त्या दुपारी आम्ही वीसेक वेळा तरी केलं असेल. मी मुद्दाम फसवायचा प्रयत्न करत होते आणि त्यांची दोनदाच चूक झाली. मागचं चाक घसरायला लागतं तेव्हा रिमोटच्या डाव्या बाजूला बारीक कुरकुर येते, हे मला तोवर कळलंच नव्हतं. मी डोळ्यांनी आणि कानांनी खेळत होते.

"हे तुम्हाला कसं कळतं?" मी समोर वळून विचारलं.

"साच्यावर हात ठेवला की कळायचं," ते म्हणाले. "खात्यात एवढा आवाज की कानाचा उपयोग शून्य. चार साचे बघायचे. जाता जाता लाकडावर पंजा टेकवायचा. आडवा धागा नेणारा धोटा बरोबर जातोय की अडखळतोय, ते हाताला कळतं. धागा तुटायच्या आधी कळतं."

दुसऱ्या दिवसापासून रिमोट त्यांच्याकडे गेला. पण बाबांचा खेळ वेगळाच. त्यांना शर्यतीत रस नव्हता. बाकीचे सुटले की ते पहिल्या गिअरमध्ये सावकाश निघत, कुंपणापाशी थांबत, मातीचा रंग बघत. एकदा त्यांनी गाडी सरळ कुंपणाबाहेर काढली आणि दूरच्या टेकड्यांकडे निघाले. पाच सेकंदांत गेमने त्यांना उचलून पुन्हा रस्त्यावर आणून ठेवलं. त्यांनी परत तेच केलं. परत आणून ठेवलं.

"टेकडीच्या पलीकडे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, बाबा. चित्र आहे ते."

"मग टेकडी कशाला काढली?"



आई परळच्या एका हॉस्पिटलात आया होती. तीही आता निवृत्त. तिला आमचं काहीच पटत नव्हतं. "एकीचा पाय मोडलेला, दुसऱ्याची हाडं झिजलेली, आणि दोघं दिवसभर मोटारसायकलवर," ती म्हणायची. पण चहा आणून दिल्यावर तीही दोन मिनिटं उभी राहायची. बाबांचा माणूस पडला की "अगं आई गं" असं तिच्या तोंडून निघून जाई, मग ती चिडून आत जाई.

हळूहळू बाबा शर्यतही खेळू लागले. त्या गेममध्ये गाड्या जातात तशी माती खणली जाते. पहिल्या फेऱ्यात सपाट असलेल्या वळणावर चौथ्या फेऱ्यापर्यंत वीतभर खोल चर पडतात. मी सगळ्यांसारखी आतल्या बाजूने वळायचे, चरात अडकायचे आणि आडवी व्हायचे. बाबांनी ते पाहून ठेवलं होतं. ते बाहेरून, लांबून वळू लागले. वेळ जास्त जाई, पण माती कोरीच असे. आठवड्याभरात ते पहिल्यांदा एकदाही न पडता सगळे फेरे पुरे करून आले. बारांत नववा नंबर. त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि दोन्ही तळहात एकमेकांवर चोळले.

त्याच दिवशी मी त्यांना विचारलं. एवढ्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं, ह्याची लाजही वाटली. "बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही हे पहिल्यांदा कधी कळलं?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. त्यांना प्रश्न कळला होता.

"संपात," ते म्हणाले. "खात्यात सगळेच हातवारे करून बोलायचे. कोण बहिरा, कोण नाही, कळायचं कसं? संप सुरू झाला तेव्हा तू चार महिन्यांची. तुझी आई ड्युटीवर जायची. मी घरात, तू झोळीत. एक दिवस मी पेपर वाचत बसलो होतो. शेजारची बाई तरातरा आत आली. म्हणाली, अहो, पोर कधीची रडतेय, बाहेर गॅलरीपर्यंत आवाज येतोय. मी वळून बघतो तर तू लालबुंद. माझ्यापासून तीन हातांवर."

बाबांनी हातानेच ते अंतर दाखवलं.

"मला वाटलं, मिलचा आवाज अजून कानात बसलाय. आठवडाभर बंद राहिली की कान मोकळे होतील. महिना झाला, दोन झाले. मग कळलं, हे आता असंच."

"मग तुम्ही काय केलंत?"

"सुतळी घेतली. एक टोक झोळीला, एक माझ्या मनगटाला. तू हातपाय झाडलेस की ओढ बसायची. भुकेची ओढ वेगळी, झोपेतली वेगळी. पंधरा दिवसांत मला सगळं कळायला लागलं."

आई दारात उभी राहून ऐकत होती. मला वाटलं तिला हे माहीत असेल. पण ती म्हणाली, "ती सुतळी झोका द्यायला बांधली होती ना? तुम्हीच सांगितलं होतंत मला."

"तेव्हा तुला काय सांगणार?" बाबा म्हणाले. "मिल बंद, त्यात आणि नवरा बहिरा."

त्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. लिफ्टमनच्या नोकरीसाठी गेले तेव्हा साहेब खिडकीबाहेर तोंड करून काहीतरी बोलला. बाबा म्हणाले, "होय साहेब." साहेबाने काय विचारलं होतं, ते त्यांना अजून माहीत नव्हतं. हे सांगताना ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. आई हसली नाही. ती त्यांच्यासाठी पाणी आणायला गेली आणि बऱ्याच वेळाने आली.

प्लास्टर निघाल्यावर मी पहिलं काम केलं ते बाबांना कानाच्या डॉक्टरांकडे नेण्याचं. बाबा तयार नव्हते. आईने "चला" म्हटलं तेव्हा निघाले. तपासणी झाली, कानामागे लावायचं मशीन मिळालं. त्यानंतरचा आठवडा आमच्या घरात "हा कसला?" ह्या एकाच प्रश्नात गेला. हा कसला? पंखा. हा? फ्रिज. आणि हा? बाबा आवाजाच्या मागे मागे जाऊन आईच्या हातापाशी पोचले. तिच्या बांगड्या वाजत होत्या. "एवढी वर्षं घालतेय," आई म्हणाली, "आज वाजल्या वाटतं."

गेम मात्र ते कानाचं मशीन काढूनच खेळायचे. आवाज मध्ये येतो, म्हणायचे.

मी सासरी परत गेले, पण गेमचं मशीन नायगावलाच राहिलं. नवऱ्याने ते मागण्याची हिंमत केली नाही. थंडीत कधीतरी त्यानेच बातमी आणली की वडाळ्याला, मिठागरांकडच्या मोकळ्या जागेत, मातीतली खरी शर्यत आहे. ट्रकांनी माती आणून उंचवटे केले होते. रविवारी बाबा आणि मी बसने गेलो.

खरी शर्यत टीव्हीतल्यापेक्षा लहान वाटली आणि आवाज फार मोठा. बाबांनी पोचताच कानाचं मशीन काढून खिशात ठेवलं. गाड्या हवेत गेल्या की त्यांचा पंजा आपोआप वर यायचा. मधल्या सुट्टीत एक स्वार, पंचविशीतला, चिखलाने माखलेला, आपली गाडी चालू ठेवून चेन बघत होता. बाबा थेट त्याच्यापाशी गेले.

"हँडलला हात लावू?"

मुलगा जरा चक्रावला. "लावा ना, काका."

बाबांनी दोन्ही हात ठेवले, डोळे मिटले. मी वाट पाहत होते. त्यांनी डोळे उघडले, चेहरा पडलेला.

"ह्यात काहीच कळत नाही," ते म्हणाले. "सगळंच थरथरतंय."

मुलगा मोठ्याने हसला. "काका, बरोबर बोललात! शर्यत झाल्यावर तासभर मला बोटं कळत नाहीत. चहाचा कप धरता येत नाही."

"मग चाक घसरतंय हे कळतं कशाने?"

मुलगा विचारात पडला. त्याने स्वतःच्या बुडाखाली हात नेऊन दाखवला. "इथे. आणि पायांना. पावलांखाली."

"पावलांना," बाबा म्हणाले. ते त्यांच्या डोक्यात नव्हतं. मग त्यांनी विचारलं, पाय कसे ठेवायचे, उडी मारताना गुडघे किती वाकवायचे, बूट केवढे जाड. तो मुलगाही रंगात आला. त्याने चिखलात उकिडवं बसून दाखवलं, बाबांनी बसून पाहिलं, मी त्यांना धरून उभं केलं. मुलाचं नाव पुकारलं गेलं तेव्हा तो धावत सुटला. तेवढ्यातही वळून ओरडला, "काका, दुसऱ्या वळणाला उभे राहा, तिथून दिसेल!" बाबांना ऐकू गेलं नाही. मी सांगितलं, आणि आम्ही दुसऱ्या वळणाला जाऊन उभे राहिलो.

घरी आलो तेव्हा आईने आम्हाला दारातच थांबवलं. केसांत, भुवयांत, शर्टाच्या घड्यांत तांबडी माती. ती बाहेर झटकून झाल्यावरच तिने आत घेतलं. बाबा हातपाय धुता धुता गुडघे वाकवून तिला सगळं समजावून सांगत होते, माती कशी उडते, माणूस हवेत कसा उभा राहतो, पावलांना काय काय कळतं. तिने टॉवेल पुढे केला.

"ते सगळं ठीक," आई म्हणाली. "जिंकलं कोण?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.